मुळाचा नमुना

"मूळ लागेल," डॉक्टर जयराज म्हणाले. "पान झालं, कोंब झाला, फूल झालं, मणी तर पाच अवस्थांचे झाले. मूळ तेवढं राहिलंय. त्याशिवाय संशोधनाचा पेपर पुढे जाणार नाही."

शमशाद दारातच उभी होती. हातमोजे तिने अजून काढले नव्हते.

"सर, अब्बांनी मुळाला हात लावू नका म्हणून सांगितलंय. सुरुवातीलाच. तेवढं एकच मागितलं होतं त्यांनी."

"दोन-तीन बारीक मुळ्या. झाडाला कळणारसुद्धा नाही." डॉक्टरांनी संगणकावरची नजर काढली नाही. "आणि हो, तुमची अकरा महिन्यांची फाईल आलीय माझ्याकडे. बघतो मी."

डॉक्टर जयराज कधी आवाज चढवत नसत. ही दोन्ही वाक्यं त्यांनी एकाच आवाजात उच्चारली, त्यामुळे ती एकमेकांना जोडलेली आहेत असं कुणाला म्हणता आलं नसतं. शमशादला ते कळलं. चौदा वर्षं ती अकरा-अकरा महिन्यांच्या तुकड्यांनी नोकरी करत आली होती.

तासगावच्या पूर्वेला, माळावर, त्या द्राक्ष संशोधन केंद्रात ती पहिल्यांदा आली ती काचेची भांडी धुवायला. बारावी सायन्स, नवऱ्यानं सोडलेली, वय पंचवीस. भांडी धुता धुता ती आरएनए, म्हणजे जनुकांचा निरोप वाहणारा पेशीतला नाजूक रेणू, काढायला शिकली. द्राक्षाच्या पानातून आरएनए काढणं म्हणजे भल्याभल्यांच्या नाकी नऊ येतात. पानाच्या रसाची हवेशी गाठ पडताच तो तांबडा होतो आणि सगळं नासवतो. बोटाचा घाम लागला तरी आरएनए तुटतो, नळीवर तोंड करून बोललं तरी तुटतो. पुण्याहून पदव्या घेऊन आलेली पोरं महागडी किटं वापरून हात टेकायची, आणि शमशाद खलात अतिथंड द्रव नायट्रोजन ओतून, पानाची पिठासारखी पूड करून, नळीच्या तळाला आरएनएचा स्वच्छ पांढरा ठिपका काढून दाखवायची. "हिच्या हाताला गुण आहे," असं पोरं म्हणत. पोरं डॉक्टर होऊन गेली. शमशाद तिथंच राहिली.

तिच्या बापाच्या हाताला गुण होता तो वेगळा. चांदसाहेब मुल्ला म्हणजे तालुक्यातला नावाजलेला कलमवाला. पन्नास वर्षांत त्यांनी लोकांच्या बागांत किती लाख कलमं भरली असतील, याचा हिशेब कुणी ठेवला नव्हता. त्यांची स्वतःची बाग वीस गुंठ्यांची. एका जानेवारीत अवकाळी पाऊस झाला, सगळ्या शिवारातले मणी तडकले, घडांना बुरशी चढली. चांदसाहेबांच्या बागेत मात्र एका झाडाच्या एकाच काडीवरचे घड जसेच्या तसे राहिले. एक मणी तडकला नव्हता. त्यांनी ती काडी उतरवली आणि घरामागं हौदाजवळ थेट जमिनीत लावली. बाग जुनी झाली, काढली. हौदाजवळचं झाड राहिलं. अकरा वर्षांत त्यानं सहा अवकाळी पाऊस बघितले, आणि सहाही वेळा त्याचे मणी शाबूत राहिले.

डॉक्टरांना हे झाड दाखवलं ते शमशादनंच.

डॉक्टर हरखले होते. द्राक्षाच्या जनुकांचा मोठा नकाशा परदेशात तयार झाला होता, पण तो परक्या वाणाचा होता आणि त्यातल्या कितीतरी जागा अंदाजानं भरलेल्या होत्या. जनुक नेमकं कुठं सुरू होतं आणि कुठं संपतं हे खात्रीनं सांगायचं, तर झाडाच्या प्रत्येक भागात त्या घडीला कोणता आरएनए तयार होतोय ते वाचावं लागतं. त्यात काही आरएनए असे निघतात की ज्यांच्यापासून प्रथिन बनतच नाही. ते नुसते दुसऱ्या जनुकांना चालू-बंद करत बसतात. या झाडाच्या मण्याच्या सालीत असाच एक निघाला. पावसानंतर तो भरभरून दिसे, आणि दुसऱ्या कुठल्याच वाणात सापडत नव्हता.

"चांदभाई, हे झाड सोनं आहे," डॉक्टर हौदाच्या कट्ट्यावर बसून चहा पीत म्हणाले होते. "नोंदणी होईपर्यंत काडी बाहेर कुणाला देऊ नका. छाटणीची काडी लागेल तेवढी केंद्राला द्या. उरलेली जाळा."

चांदसाहेबांनी कागदावर सही केली. दोन वर्षं ते छाटणीनंतर उरलेली काडी न काडी चुलीत घालत होते. शेजारपाजारचे लोक मागायला येत, तर म्हणत, "सरकारी काम हाय बाबा. शब्द दिलाय."

एप्रिलच्या मध्यात चांदसाहेब पाटणला गेले. बहिणीच्या नातीचं लग्न होतं.

"कधी येणार ते?" डॉक्टरांनी फोनवर विचारलं.

"परवा, सर."

"मग उद्या येतो."

ते स्वतः आले. बरोबर दीपमाला होती, साताऱ्याची, पीएच.डी.ला असलेली, संगणकावर आरएनएचं वाचन करणारी मुलगी. आणि दोन गडी, टिकाव आणि खोरी घेऊन. अकरा दिवसांपूर्वी झाडाची छाटणी झाली होती. ज्वारीच्या दाण्याएवढे कोंब फुटत होते. खाली जमीन भाजलेल्या विटेसारखी कडक.

"तीन बाजूंनी चर घ्या," डॉक्टर गड्यांना म्हणाले. "एक फूट, दोन फूट, तीन फूट. तिन्ही खोलींची मुळं हवीत."

"सर, दोन-तीन मुळ्या म्हणाला होता तुमी," शमशाद म्हणाली. घाईत तिची घरची बोली तोंडात आली.

"तीन पातळ्या, तीन बाजू. एका नमुन्यावर कुणी विश्वास ठेवत नाही, शमशाद. चौदा वर्षं झाली तुम्हाला. बाकीच्या बागा सगळ्या जंगली खुंटावर कलम केलेल्या. त्यांचं मूळ वेगळ्याच जातीचं. वर द्राक्ष आणि खालीही त्याच द्राक्षाचं मूळ, असं झाड आपल्याकडे हे एकच."

टिकाव पडायला लागला. मुळं चेचली जात होती, त्यांच्या साली निघत होत्या. चेचलेल्या मुळातला आरएनए अर्ध्या मिनिटात बिघडतो, हे तिथं शमशादपेक्षा जास्त कुणाला ठाऊक होतं? तिनं दोन वेळा बघितलं, तिसऱ्यांदा तिला राहवलं नाही. ती चरात उतरली, चाकू घेतला, एकेक मूळ मोकळं करून तिरका काप घेत सुटं केलं. अंगठ्याएवढी जाड मुळंही आडवी येत होती. त्यांच्या टोकाला बारीक मुळ्यांचे झुपके होते, म्हणून तीही कापावी लागली. पाण्यात बुडवून, टिपून, डबीत घालून नायट्रोजनमध्ये. वीस सेकंदांच्या आत. कॅनच्या तोंडातून पांढरा धूर जमिनीवर उतरत होता.

चर बुजवले. पाणी सोडलं. शमशादनं वरून खराट्यानं जमीन सारखी केली.

"काकांना सांगायला नको?" दीपमालानं विचारलं.

"शमशाद सांगेल," डॉक्टर म्हणाले आणि गाडीत बसले.

दुसऱ्या दिवशी तिनं मुळं खलात घेतली. आरएनए किती शाबूत आहे हे यंत्र दहापैकी आकड्यात सांगतं. मुळाचा आकडा आला नऊ पूर्णांक एक दशांश. केंद्रात मुळाला असा आकडा कधी आला नव्हता. दीपमालानं तिला टाळी दिली. शमशादला खरोखर आनंद झाला, आणि तो संध्याकाळपर्यंत टिकला. ती घरी आली तेव्हा चांदसाहेब पाटणहून परतले होते. कपडेही न बदलता हौदातलं पाणी बादलीनं झाडाला घालत होते.

"कोंब मलूल दिसत्यात गं."

"ऊन लय हाय, अब्बा."

"व्हय. ऊनच आसंल."

पुढचे वीस-बावीस दिवस शमशाद रोज बघत होती. त्यांनी झाडावर जुन्या साडीचं छप्पर केलं. खोडाला ओलं पोतं गुंडाळलं. मांडवाखाली खाट टाकून तिथंच बसून राहू लागले. कोंब काळे पडून गळाले. एकदा त्यांनी खोडाची साल नखानं खरवडली. खाली हिरवं असायला हवं, तिथं तपकिरी निघालं. ते बराच वेळ नखाकडं बघत राहिले.

"मी जायालाच नगं हुतं," ते जेवताना म्हणाले. "दोन दिस पाणी चुकलं. म्हातारपणी आक्कल गेली माजी. लग्नाचं जेवाण भोवलं."

शमशादनं त्यांच्या ताटात भाकरी वाढली. सांगायचं होतं. आज नको, उद्या. त्याच आठवड्यात तिच्या फाईलवर सही झाली होती, पाच महिन्यांची. अकरा नव्हे, पाच.

जूनमध्ये चांदसाहेबांनी झाड उकरून काढलं. कुणाला हात लावू दिला नाही. शमशाद केंद्रातून आली तेव्हा झाड अंगणात आडवं पडलं होतं आणि ते हौदाच्या कट्ट्यावर बसून एक जाड मूळ धूत होते. माती गेल्यावर त्यांनी ते उजेडाकडं धरलं, कापावरून अंगठा फिरवला. मग दुसरं धुतलं. तिसरं.

"टिकावाचा घाव न्हाई ह्यो," ते म्हणाले. "उंदराचा बी न्हाई. तिरका हाय. एका दमात घेतलेला. शिकलेला हात हाय."

तो काप तिला त्यांनीच शिकवला होता, ती नऊ वर्षांची असताना, दुसऱ्याच्या बागेत, शाळेच्या सुट्टीत.

शमशाद खाली बसली. बोलण्यासारखं त्या कापात सगळं होतंच.

"डाक्टरनं सांगितलं आसंल," ते म्हणाले.

तिनं मानेनंच हो म्हटलं.

"नोकरीचं काय म्हणला का?"

"न्हाई. म्हणला न्हाई."

"तसलं म्हणत न्हाईत कुनी." त्यांनी मुळं एकत्र बांधली आणि भिंतीला टेकवून ठेवली. "गावात बोलू नगंस. माजं पाणी चुकलं म्हणूनच सांगू."

त्यांनी तिला शिवी दिली असती, दोन थोबाडीत दिल्या असत्या, तर तिला जेवण गेलं असतं. त्या दिवसानंतरही ते तिच्याशी पूर्वीसारखंच बोलत राहिले, पाऊस, बाजार, दूध. झाडाबद्दल कधीच नाही.

जुलैत वाचन पूर्ण झालं. दीपमालानं तिला पडद्यासमोर बसवून दाखवलं. या झाडाच्या आरएनएमुळं द्राक्षाच्या नकाशातल्या तीन हजारांवर जनुकांच्या हद्दी दुरुस्त झाल्या होत्या. प्रथिन न बनवणारे नवे आरएनए चारशे बारा सापडले होते. आणि तो, सालीतला. त्याच्यासमोर रकाने होते: पान, कोंब, फूल, मणी. मण्याच्या रकान्यात उंच निळी रेघ. शेवटचा रकाना मुळाचा.

"इथं काहीच नाही," शमशाद म्हणाली.

"शून्य आहे. म्हणजे तो मुळात तयारच होत नाही. फक्त सालीत होतो. हेच सिद्ध करायचं होतं."

"नाही हे सांगायला मूळ लागलं?"

दीपमालानं पडद्यावरचा तक्ता बंद केला. मग म्हणाली, "ताई, मला नव्हतं माहीत ते झाड जाईल म्हणून."

पेपरात झाडाला नाव होतं. केंद्राच्या संग्रहातला वाण, क्रमांक चारशे सतरा. चांदसाहेबांचं नाव कुठंच नव्हतं. शेवटच्या पानावर, आभाराच्या ओळीत, वीजजोडणी पुरवणाऱ्या विभागानंतर, 'एस. मुल्ला, तांत्रिक साहाय्य' होतं. शमशाद डॉक्टरांकडं गेली. स्वतःच्या नावाचं तिनं काढलंच नाही.

"सर, अब्बांचं झाड गेलं. केंद्राच्या प्लॉटात त्याच काडीची बारा झाडं हायत. दोन काड्या मिळाल्या तर ते लावतील."

"असं कसं देता येईल?" डॉक्टर खरोखर चकित झाले. "तो आता केंद्राचा वाण आहे. त्यांना अर्ज करायला सांगा. समिती बसते मार्चमध्ये."

तिनं घरी सांगितलं. चांदसाहेब विडी विझवत म्हणाले, "माज्या झाडासाटी म्या अर्ज करायचा. बरं." अर्ज त्यांनी केला नाही.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात केंद्रानं चारशे सतरा नंबरची कलमं भरायला काढली. दोनशे चाळीस जंगली खुंट शेतात तयार उभे होते. त्याच दिवशी सकाळी शमशादच्या हातात पत्र पडलं. प्रकल्पाची मुदत तीस सप्टेंबरला संपत आहे, आपल्या सेवेची पुढे आवश्यकता नाही. तिनं ते घडी करून ॲप्रनच्या खिशात घातलं आणि शेतात गेली, कारण काड्यांची गणती तिच्याकडं दिली होती. डॉक्टरांची सक्त ताकीद होती: दोनशे चाळीस काड्या जातील, दोनशे चाळीस लागतील. एकही बाहेर जाता कामा नये.

मुकादमानं सहा कलमवाले आणले होते. सहाव्या ओळीत चांदसाहेब बसले होते.

इथं येणार असल्याचं त्यांनी घरातून निघताना सांगितलं नव्हतं. तिनं त्यांच्यासमोर ओल्या पोत्यात गुंडाळलेल्या चाळीस काड्या ठेवल्या. इतरांना जशा दिल्या तशाच. त्यांनी एक उचलली, डोळ्याजवळ धरली, दोन पेरांमधलं अंतर बोटानं मोजलं. ओळख पटायला त्यांना तेवढं पुरलं. मग त्यांनी चाकू उघडला. खुंट छाटला, मधोमध चीर दिली, काडीला दोन्ही बाजूंनी पाचरीसारखं तासलं, चिरेत बसवलं, पट्टी गुंडाळली. पुढचा खुंट. शेजारच्या तरण्या पोरांच्या दोन होईपर्यंत त्यांच्या तीन होत होत्या. एकही काडी त्यांनी आडवीतिडवी घेतली नाही. मनात आणलं असतं तर चाळीसच्या चाळीस वाया घालवता आल्या असत्या आणि ते कुणाला महिनाभर कळलं नसतं.

दुपारी तीनला काम संपलं. सहाव्या ओळीच्या शेवटी एक खुंट मोकळा होता.

"मला एक काडी कमी आली," चांदसाहेब म्हणाले.

डॉक्टर फाटकाजवळ उभे होते. त्यांनी शमशादकडं पाहिलं. "तुम्ही किती दिल्या होत्या?"

"चाळीस, सर."

"मोजून?"

"मोजून."

"मग?" ते चांदसाहेबांकडं वळले नाहीत. पहारेकऱ्याला म्हणाले, "बिरदेव, नीट बघा."

बिरदेव माण तालुक्यातला, पलटणीतून निवृत्त झालेला माणूस. त्यानं बाकीच्या पाच जणांचे खिसे वरवर चाचपले आणि सोडून दिलं. चांदसाहेबांपाशी तो घुटमळला.

"चांदभाई, हुकूम हाय."

"बघ की. तुजं काम हाय."

पिशवी उलटी केली. दोन भाकरी, कांदा, पट्टीचं रीळ. खिशात चाकू आणि विडीचं बंडल. डॉक्टर अजून उभेच होते, हातातला मोबाईल बघत. बिरदेव म्हणाला, "शर्ट काढावा लागंल, आवं." चांदसाहेबांनी शर्ट काढला. टोपी काढून त्यावर ठेवली. मग कुणी सांगायच्या आधी बंडी वर करून पाठही दाखवली. अडुसष्ट वर्षांची पाठ, बरगड्या मोजता येतील अशी. फाटकाबाहेर गेलेली पोरं मागं वळून बघत होती.

"शमशाद," डॉक्टर म्हणाले, "तुमचे वडील आहेत म्हणून मी काही बोलत नाहीये."

शमशादनं काड्यांची यादी फाटकाजवळच्या टेबलावर ठेवली. ती चालत जाऊन बापाशेजारी उभी राहिली आणि ॲप्रनचे खिसे एकेक करून बाहेर काढले. पेन, रुमाल, घडी केलेलं पत्र. पर्स उघडून तीही टेबलावर पालथी केली.

"माजं बी बघा, बिरदेवदादा. गणती माज्याकडं हुती."

"तुमचं कशाला," डॉक्टर म्हणाले. आपल्याच सहीचं पत्र त्यांनी ओळखलं आणि ते दुसरीकडं बघू लागले.

तेवढ्यात दीपमाला ओळीतून हाका मारत आली. तिच्या हातात ओलं पोतं होतं. पोत्याच्या दुमडीत, शिवणीला चिकटून, एक काडी राहिली होती.

"मिळाली ना," डॉक्टर म्हणाले. "ठीक आहे मग." ते गाडीकडं गेले. गाडी सुरू झाली, फाटक उघडलं, बंद झालं.

बिरदेवनं शर्ट उचलून चांदसाहेबांच्या पुढं धरला. त्यांनी तो खांद्यावर टाकला, टोपी घातली. घरी जायला निघतील असं शमशादला वाटलं. ते उलट्या दिशेनं, शेतात गेले.

"अब्बा, ऱ्हाऊ द्या आता. मुकादम गेला."

"एक खुंट मोकळा हाय न्हवं."

सहाव्या ओळीच्या टोकाला ते मांडी घालून बसले. दीपमालानं काडी त्यांच्या हातात दिली आणि ती तिथून बाजूला झाली. शमशाद खाली बसली. त्यांनी खुंट छाटला, चीर दिली, काडी तासली. खांद्यावरचा शर्ट घसरला, तो मांडीवर ओढून घेतला आणि काडी चिरेत बसवली.

"पट्टी धर."

तिनं पट्टीचं टोक धरलं. त्यांनी खालून वर, एकावर एक, पाच वेढे घेतले, गाठ मारली, दोन बोटांनी काडी हलवून पाहिली. हलली नाही. मग ते शर्ट अंगात घालून बटणं लावायला लागले.